वानरसेनेतला चार नंबर

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. यात त्यांचा मान राखण्याचा भाग थोडा आणि धाकाचा जास्त. नाव कळलं की नमुना बिघडतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी बियाण्यापुरतं कधीच ठेवलं नाही. ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. तेवढं पुरे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही एकत्र होतो. मी तपासणीला, ते कोडला. बियाण्याचा नमुना आला की पिशवी आधी भाऊंच्या टेबलावर जायची. ते तिच्यावरचं नाव-गाव काढून घ्यायचे, नुसता नंबर टाकायचे आणि मग ती माझ्याकडे सरकवायचे. बी कोणाचं हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून ही रीत. मी ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचे, कोंब मोजायचे, निकाल लिहून सही करायचे. सही झाली की भाऊ कोड फोडायचे, म्हणजे तो नंबर कोणाचा ते सांगायचे. आणि कोड फोडताना शेजारी एक साक्षीदार उभा करायचे. सहीच्या आधी प्रत्यक्ष देवानं विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. देवाला हे कशाला हवंय, असा उलट संशय घेतला असता.

संशय हा भाऊंचा स्वभाव नव्हता, शिस्त होती. चहाचा ट्रे समोर आला की आपल्या दिशेला केलेला कप ते घेत नसत. मधला उचलत. वर्तमानपत्र गठ्ठ्याच्या मधलं, केळी फणीच्या आतल्या बाजूची. रोज केदारखेड्याहून एसटीनं यायचे. गाडीची पाटी वाचायचे, मग कंडक्टरला गाडी कुठं जाते ते विचारायचे आणि बसल्यावर शेजारच्या प्रवाशालाही. एकदा मी म्हटलं, "भाऊ, पाटी आणि कंडक्टर दोघं एकच सांगतायत, मग तिसऱ्याला कशाला?"

"दोघंबी एकाच डेपोचे हायेत," ते म्हणाले.

ऑफिसात कोणी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की ते धन्यवाद म्हणत नसत. "तुम्हाला कोणी सांगितलं?" असं विचारत. एका सव्वीस जानेवारीला कंपनीनं त्यांचा सत्कार केला. पाहुणे भाषणात भाऊंच्या प्रामाणिकपणाला हिमालयावर नेऊन ठेवत होते. भाऊ तोवर हातातला नारळ कानाशी धरून हलवून बघत होते. पाहुण्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "पाणी हाये," भाऊंनी त्यांना दिलासा दिला, "बोला तुम्ही."

अशा माणसाची टिंगल होते, तशी त्यांचीही व्हायची. पण एका गोष्टीवरून कोणी करत नसे. त्यांचा सख्खा मेव्हणा घनसावंगीकडे आमच्याच कंपनीसाठी बीजोत्पादन करायचा. एका हंगामात त्याचा अख्खा लॉट उगवणीत नापास झाला. नापास मी केला होता, कोणाचा ते मला माहीत नव्हतं. भाऊंना होतं. ते बियाणं माझ्या टेबलावर ओल्या कागदात पडून होतं त्या सगळ्या दिवसांत भाऊ माझ्याकडे एकदाही आले नाहीत, एरवी गप्पांना येत तसेही नाहीत. मी सही केली, त्यांनी कोड फोडला आणि मेव्हण्याचं नाव असं वाचलं, जसं दुसऱ्या कोणाचंही वाचलं असतं. पुढे वर्षभर त्यांच्या बायकोला माहेरचं बोलावणं आलं नाही. आलं तेव्हा भाऊही गेले, जेवलेही. "भाजी आधी त्याला वाढू दिली, मंग मी घेतली," असं परत आल्यावर मला म्हणाले.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या हातून झालं.

आमच्याकडे पुण्याहून नवे साहेब आले. साहेब तरुण होते, इस्त्रीचे होते आणि दर सोमवारी आम्हाला उभं करून आठवड्याचा संकल्प विचारायचे. पहिल्या सोमवारी भाऊंनी संकल्प सांगितला, "या आठवड्यात कोणाला काही सांगायचं न्हाई." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते मौनव्रत वाटलं.

प्रयोगशाळेत तेव्हा दोघंजण कंत्राटावर होती. शाहीन आणि प्रतीक. शाहीन मोतीबागेच्या पलीकडून स्कूटीवर यायची, काम नीट करायची आणि कोणी मागे उभं राहिलं की तिच्या हातातला चिमटा पडायचा. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठचा भाऊ लहान. घर तिच्या पगारावर. प्रतीक उंच, बोलका, साहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणारा. मार्चअखेर दोघांची मुदत संपणार होती आणि त्यातलं एकच पद पुढं चालू राहणार होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी साहेबांनी जाहीर केलं, "या वर्षी आपली सहल म्हणजे नुसतं खाणं-पिणं नाही. आपण एस्केप रूमला जायचं. एका खोलीत बंद व्हायचं, कोडी सोडवायची आणि एका तासात बाहेर पडायचं. माणूस कसा आहे ते अशा वेळी कळतं. मी बाहेर बसून स्क्रीनवर सगळ्यांना बघणार आहे." मग शाहीन आणि प्रतीककडे वळून, "आणि स्पष्टच सांगतो, पुढच्या निर्णयात मी हे धरणार आहे. गुणवत्तेवर. अगदी पारदर्शक."

शाहीनचा चेहरा मला दिसत नव्हता. तिचे हात दिसत होते. ती ओढणीचं टोक गुंडाळत होती, उलगडत होती.

"खोली कुठली ते ठरवायला एक समिती करू," साहेब म्हणाले.

"मी करतो," भाऊ म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या. हा माणूस लिफ्टमध्ये बसत नाही, सिनेमाला गेला तर दाराजवळची खुर्ची मागतो, आणि हा एस्केप रूम निवडणार? मला तेव्हाच संशय आला. आणि तो आला हे त्यांनी ओळखलंही असावं, कारण बाहेर पडता पडता मला म्हणाले, "म्यॅडम, तुम्ही बी चला. एकट्यानं घेतलेल्या नमुन्याला अर्थ नसतो."

पहिली खोली संभाजीनगरला. साहेबांनीच सुचवलेली. इजिप्तच्या राजाची कबर. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर सोनेरी कुत्रे. बाहेरच्या दालनात भलामोठा पडदा. आत खेळणाऱ्यांचा घाम दिसावा इतकं चित्र स्वच्छ. मालक तरुण होता आणि आम्ही काही विचारायच्या आत उत्तरं देत होता.

"आवाजबी येतो का?" भाऊंनी विचारलं.

"येतो ना काका! श्वाससुद्धा ऐकू येतो."

"दार आत उघडतं का बाहेर?"

"आत."

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे."

"जनरेटर कुठाय?"

मालकानं खिडकीतून दाखवला. भाऊ खाली उतरून त्याला हात लावून आले. मग सहज विचारावं तसं, "आमच्या हापिसातलं कोणी आल्तं का याआधी?"

"हो! तुमचे साहेब मागच्या रविवारी येऊन गेले. बरोबर एक उंच सर होते, ते तर खेळूनसुद्धा गेले. दुसऱ्यांदा खेळले तर पंचवीस मिनिटांत बाहेर येतील, इतके हुशार."

भाऊंनी मान डोलावली, मालकाला नमस्कार केला आणि पुढचं काही न बघता जिना उतरायला लागले. मी मागून.

रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "ऐकलं का, म्यॅडम? पिशवी आधीच उघडली हाये. निकाल लागून राह्यला, नमुना मागून यायचा."

"तुम्हाला कसं वाटलं विचारावंसं?"

"साहेब गुणवत्ता म्हणले, तवाच."

दुसरी खोली म्हणजे भुतांचा दवाखाना. इथं भाऊ आत गेलेच नाहीत. समोरच्या रसवंतीवर त्यांनी मला बसवलं आणि आम्ही बाहेर येणारे गट बघत बसलो. "मालक दाखवल ते पोतं नमुन्याला घ्यायचं नसतं," ते म्हणाले. "आत जाणारे सगळेच हसतात. बाहेर येणाऱ्याचं तोंड बघा."

एक गट आत गेला तेव्हा हातात हात होते. बाहेर आला तेव्हा निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. एक मुलगी दुसरीला म्हणत होती, "तू मला सोडून पळालीस. तू." दुसरी फोनमध्ये बघत होती.

"हे बाद," भाऊ म्हणाले आणि रस संपवला. पेला त्यांनी स्वतः धुऊन घेतलेला होता.

तिसरी जालन्यातच. भोकरदन नाक्याच्या अलीकडे, एका सॅनिटरी सामानाच्या दुकानावर. खाली कमोड मांडलेले, त्यांच्यामधून वाट काढत लोखंडी जिन्यानं वर जायचं. मालकाची पूर्वी ड्रेपरी होती. शाळांच्या गॅदरिंगला राजाचे मुकुट, मावळ्यांचे अंगरखे भाड्यानं देणारं दुकान. शाळा आता सगळं ऑनलाइन मागवायला लागल्यावर त्यानं पोटमाळ्यावर उरलेल्या मालाची एस्केप रूम केली होती. नाव, लंकेची कोठडी. खेळ असा की वानरसेना रावणाच्या कैदेत आहे आणि तिनं किल्ली शोधून सुटायचं. पडदा भगवा, भिंती थर्माकोलच्या, रावणाचं एक डोकं तुटलेलं, नऊ शाबूत. छत इतकं खाली की ताठ उभं राहता येत नव्हतं.

"सगळ्यांनी हे घालायचं काका," मालक म्हणाला आणि त्यानं गोणी उपडी केली. तपकिरी अंगरखे आणि वानरांचे मुखवटे. सगळे एकाच साच्यातले, गाल फुगलेले. प्रत्येकाच्या कपाळावर पांढऱ्या रंगात आकडा.

"हे आकडे काय?"

"शाळेच्या बाईंनी टाकल्ते. पोरं मोजायला. मुखवटा घातल्यावर कोण कुणाचं लेकरू, बिलकुल कळत न्हाई ना."

भाऊंनी चार नंबरचा मुखवटा उचलला आणि उजेडात धरून बराच वेळ बघितला. मी त्यांना बियाण्याकडे तसं बघताना पाहिलं होतं.

"कॅमेरा?"

मालक ओशाळला. "हाय एक. छताला. साधाच हाय, काका, काळापांढरा. आवाज येत न्हाई. खर्चा परवडला न्हाई."

"आन दार?"

"दाराला कुलूप न्हाई. कुलूप आतल्या पेटीला. दाराला नुसता पडदा. जिवाला घोर नको म्हनलं."

मग त्यानं चहा मागवला. दोन कप आले. त्यानं एक माझ्यापुढे ठेवला, एक भाऊंच्या हातात दिला. आणि भाऊंनी तो घेतला. बदलला नाही, माझ्याशी अदलाबदल केली नाही, मालकाला आधी प्यायला लावलं नाही. घेतला आणि प्यायले.

इतक्या वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. परत येताना मी विचारलं, "ओळखीचा आहे का तुमच्या?"

"गावाकडचा हाये."

झालं. ऑफिसात ही बातमी माझ्या आधी पोचली. भाऊ गाववाल्याला धंदा देऊन राह्यले, मधे काहीतरी ठरलं असणार, म्हातारा रिटायर व्हायच्या आधी हात मारतोय. मी कोणाला दुजोरा दिला नाही. नाकारलंही नाही. तो कप माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

साहेब तर भडकलेच. "थर्माकोलची लंका? कमोडच्या दुकानावर? इजिप्तमध्ये काय वाईट होतं?"

"काही न्हाई. बेस्ट हाये," भाऊ म्हणाले. "फक्त दार आत उघडतं. धूर झाला, माणसं घाबरली, तर सगळे दाराला रेटतात. मंग दार उघडत न्हाई. तुम्ही म्हणाल तर तिथंच जाऊ. एक कागद करू, जबाबदारी साहेबांची, खाली तुमची सही."

साहेबांच्या टेबलावर पेन होतं. ते त्यांनी उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. सही या गोष्टीबद्दल साहेबांना फार आदर होता, विशेषतः दुसऱ्याच्या.

"ठीक आहे. लंका," ते म्हणाले. मग प्रतीककडे एक ओझरती नजर. प्रतीक खांदे उडवून हसला. त्याला लंकेचीही काळजी नव्हती.

सहलीच्या दिवशी साहेब सगळ्यांच्या आधी येऊन स्क्रीनसमोर बसले होते. स्क्रीन म्हणजे खालच्या दुकानातून वर आणून ठेवलेला जुना टीव्ही. मुखवटे बघून ते उठले. "हे कशाला? मला चेहरे दिसले पाहिजेत."

"गेमच तो हाय, साहेब," मालक हात जोडून म्हणाला. "मुखवट्याबिगर वानर कसं व्हायचं?"

"आन साहेब," भाऊ बाजूनं म्हणाले, "पारदर्शकच व्हईल की. कोण हाये ते न बघता कसा हाये ते बघायचं. आपल्या लॅबची रीतच हाये. मी नंबर टाकतो. तुम्ही बघा, लिहा, सही करा. मंग मी कोड फोडतो."

सोमवारच्या सभेत ज्या माणसानं गुणवत्ता हा शब्द वापरलाय त्याला याला नाही म्हणता येत नाही. साहेब बसले.

भाऊ स्वतः खेळायला आले नाहीत. पडद्याआडच्या अंधाऱ्या बोळकांडीत ते एकेकाला बोलवत, पाठ फिरवायला लावत आणि मुखवटा बांधत. माझ्या मुखवट्याची नाडी त्यांनीच आवळली आणि कानाशी म्हणाले, "चार." शाहीन माझ्या मागे होती. तिचा श्वास मुखवट्यातून शिट्टीसारखा येत होता. "सात," भाऊ तिला म्हणाले. "आन घाबरू नको. आत तू कोणीच न्हाईस."

आत काय झालं ते मी नीट सांगू शकणार नाही, कारण पहिल्याच मिनिटाला माझा चष्मा गेला. मुखवट्यात काचांवर वाफ धरली म्हणून मी चष्मा काढायला गेले आणि तो निसटला. चष्म्याशिवाय मला माझाच हात पाहुण्यांचा वाटतो. मी सरळ गुडघ्यावर आले आणि चाचपडायला लागले. रावणाच्या सिंहासनाखाली, मशालींच्या मागे, पुठ्ठ्याच्या झाडांच्या बुडाशी. कोपरा न् कोपरा. वानरसेना माझ्या अंगावरून ये-जा करत होती. प्रतीक मधोमध वाकून उभा राहून हुकूम सोडत होता. "हे बघा! ते उचला! अरे, माझं ऐका कोणीतरी!" त्याच्या हातवाऱ्यांनी एक मशाल पडली.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी जिथं चाचपडते तिथं उजेड आहे. श्वासाच्या शिट्टीवरून ओळखलं, सात नंबर भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातला टॉर्च माझ्या बोटांवर धरलेला होता. मी सरकले की उजेड सरकायचा. हलत नव्हता, थरथरत नव्हता. तिच्या मागे भिंत होती, म्हणजे मागे कोणी उभं राहायचा प्रश्न नव्हता.

चष्मा मला मिळाला नाही. रावणाच्या पायथ्याशी पिठाच्या डब्यात हात गेला तेव्हा हाताला किल्ली लागली. ती मी वर धरली, कोणीतरी हिसकावली, पेटी उघडली आणि वानरसेना सुटली. बोळकांडीत भाऊ गोणी घेऊन उभे होते. "मुखवटे यात. तोंड भिंतीकडे." बाहेर आल्यावर शाहीननं माझ्या हातात चष्मा दिला. "तुमच्या पायाजवळच होता, म्यॅडम. तुम्ही निघालात तेव्हा दिसला."

सगळे खाली भजी खायला गेले. भाऊंनी मला जिन्यावर थांबवलं. "म्यॅडम, तुम्ही वर या. कोड फोडायचाय. साक्षीदार लागतो."

साहेब खुशीत होते. त्यांनी कागद आमच्यापुढे केला. चार नंबरसमोर लिहिलं होतं: विलक्षण पुढाकार. चिकाटी. इतर गोंधळात असताना शांतपणे कोपरा न् कोपरा तपासला. नेतृत्वगुण. दोन नंबरसमोर: गोंधळलेला, नुसते हातवारे. सात नंबरसमोर एकच शब्द: निष्क्रिय.

मी माझं नेतृत्व वाचलं आणि चष्मा पुसला.

"हा चार नंबर," साहेब म्हणाले, "हा मला पुढेही पाहिजे. प्रतीक असणार. अंदाज आहे माझा."

"सही, साहेब," भाऊ म्हणाले. "तारखेसकट."

साहेबांनी झोकात सही केली.

आता भाऊंनी फक्त नंबर वाचायचे होते. दोन नंबर प्रतीक होता, हे मला त्या हातवाऱ्यांवरूनच कळलं होतं. सात शाहीन. चार मी. मी कायम नोकरीतली, मला तो पुढाकार कुठं मिरवायचा होता? आणि दोघंही नापास निघाली की साहेब आपल्या मनासारखं करायला मोकळे. इतकी जपून घेतलेली परीक्षा, आणि तिचा खरा निकाल त्या मुलीच्या काहीच कामाचा नव्हता. भाऊंनाही तो त्याच क्षणी कळला असणार. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. खालून भज्यांचा वास येत होता आणि प्रतीकचं हसू.

"दोन नंबर, प्रतीक," भाऊ म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला.

"चार नंबर," भाऊ म्हणाले, "शाहीन."

आवाज अगदी तसाच, मेव्हण्याचं नाव वाचलं होतं तसा.

"शाहीन?" साहेब म्हणाले. "ती घाबरट? आणि मग हा सात नंबर कोण? हा निष्क्रिय?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "म्यॅडम."

साहेबही माझ्याकडे बघत होते. साक्षीदारानं या वेळी जे करायचं असतं ते मला माहीत होतं. कोड चुकीचा फुटला तर साक्षीदारानं तिथल्या तिथं बोलायचं, त्याचसाठी तो उभा असतो.

"गुडघे दुखतात हो माझे," मी म्हणाले.

एप्रिलमध्ये शाहीनचं पद पुढं चालू राहिलं. साहेबांना आपली सही मोडवत नव्हती. खरं तर त्यांना शाहीनचं फार कौतुक वाटायला लागलं. दर सोमवारी तिच्या नेतृत्वगुणांचा दाखला द्यायचे, स्वतःच्या पारखीचा जोडून. प्रतीक दुसऱ्या कंपनीत लागला, आमच्यापेक्षा बऱ्या जागेवर. तशा माणसांचं सहसा वाईट होत नाही. माझ्या त्या वर्षीच्या मूल्यमापनात "पुढाकाराचा अभाव" असा शेरा आला. शाहीन एकदा माझ्या टेबलाशी घुटमळली. "म्यॅडम, साहेब सारखं कोपरा न् कोपरा म्हणतात. मी तर नुसता टॉर्च धरला होता."

"मग? उजेड होता म्हणूनच तर कोपरे दिसले," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

भाऊंशी मात्र मी या विषयावर बोलले नाही आणि त्यांनीही काढला नाही. फक्त एक झालं. आधी ते माझ्या टेबलाशी येऊन चार गोष्टी बोलायचे, ते कमी झालं. पिशव्या सरकवायचे आणि जायचे. मला वाटलं, ओशाळले असतील. आयुष्यात एकदा रीत मोडलेला माणूस ओशाळणारच. मी त्यांच्याबद्दल मनात थोडी मोठेपणाची भावनाही बाळगली, हे कबूल करायला हवं.

निवृत्त झाल्यावर ते पुन्हा कधी ऑफिसात आले नाहीत. मागच्या हिवाळ्यात भोकरदनकडे एका लग्नाला जाताना मी केदारखेड्याला उतरले. भाऊ ओट्यावर मिरच्या निवडत बसले होते. मला बघून पहिला प्रश्न, "कशी काय आलात? कोणी पाठवलं?"

इकडचं तिकडचं बोलून झालं. आता विचारायला हरकत नाही असं वाटून मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला माहीत होतं चार नंबर मी होते. तुम्हीच नाडी बांधलीत. मग साक्षीदार म्हणून मलाच का वर नेलंत? दुसऱ्या कोणाला नेलं असतंत तर त्याला काही कळलंच नसतं."

त्यांनी हातातली मिरची बाजूला ठेवली. "म्हणूनच तुम्हाला नेलं. मी त्या दिवशी काय करीन, याचा मलाच भरोसा नव्हता. म्हनलं, आपण खोटं बोललो तर जाग्यावर धरणारं एक माणूस पाहिजे. पूर्ण हापिसात असं माणूस एकच. तुम्ही." त्यांनी ती मिरची पुन्हा उचलली. "आन तुम्ही म्हणलात, गुडघे दुखतात."

"मग काय म्हणायला हवं होतं मी? त्या पोरीची नोकरी गेली असती."

"गेली असती," ते म्हणाले. "मी बोललो त्याचं मला काही वाटत न्हाई. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलीन. पर तुम्ही गप ऱ्हायला नको होतं. तवापासून, म्यॅडम, राग मानू नका, मला तुमचा भरोसा वाटत न्हाई."

हे त्यांनी अगदी आपुलकीनं सांगितलं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. ताटलीत तीन कप. मी सवयीनं एक उचलून भाऊंपुढे धरला.

भाऊंनी माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात जोडल्यासारखं केलं, आणि ताटलीतला मधला कप उचलून घेतला.